ठराव, सभा आणि शहर : यवतमाळ नगरपरिषदेच्या कारभाराची वाटचाल

यवतमाळात नगरपालिका स्थापन करण्याचा पहिला प्रयत्न १८६९ साली झाला, परंतु ती संस्था अल्पजीवी ठरून गावाचा कारभार पुन्हा महसूल अधिकाऱ्यांकडे गेला, आणि आज जिला नगरपरिषद म्हणतात त्या संस्थेची परंपरा १८९४ पासून सुरू झाली. मधल्या पाव शतकात वऱ्हाडात असे काही घडले होते की ज्यामुळे दुसरा प्रयत्न टिकला. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपनच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयीचा आपला प्रसिद्ध ठराव प्रसृत केला आणि १८८६ मध्ये वऱ्हाडासाठी स्वतंत्र नगरपालिका कायदा लागू झाला. तो स्वतंत्र असण्याचे कारण राजकीय होते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग झालेले नव्हते. ‘हैदराबाद अमानती जिल्हे’ असे त्याचे नाव होते आणि इतर प्रांतांतील कायदे तेथे आपोआप लागू होत नसून ते वेगळ्या आदेशाने लागू करावे लागत. त्यामुळे मुंबई इलाख्यातील नगरपालिका ज्या कायद्याखाली वाढल्या तो यवतमाळचा कायदा कधीच नव्हता, आणि या संस्थेच्या पहिल्या सत्तर-बहात्तर वर्षांचा इतिहास समजून घेताना हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

१८९४ मध्ये यवतमाळ हे वणी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. जिल्ह्याला नाव वणीचे आणि कचेऱ्या यवतमाळात, ही विसंगती १९०५ च्या पुनर्रचनेत दूर झाली. वाशिम जिल्हा मोडून त्यातील पुसद तालुका इकडे जोडण्यात आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. १९०१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १०,५४५ भरली होती. वस्ती लहान असली तरी कापसाच्या व्यापारामुळे तिला वजन होते; सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने गावातच होते आणि तयार माल पक्क्या सडकेने धामणगावच्या रेल्वे स्थानकाकडे जाई. पुढे मूर्तिजापूरला जोडणारी अरुंद मापाची रेल्वे आली, जिला लोकांनी ‘शकुंतला’ म्हटले. बाजारपेठ, कचेऱ्या आणि न्यायालये एकत्र असलेल्या अशा गावात रस्ते झाडणे, दिवे लावणे, विहिरी स्वच्छ राखणे आणि साथीच्या काळात रोग्यांची व्यवस्था पाहणे ही कामे एकट्या तहसीलदाराच्या आवाक्याबाहेरची होती, आणि त्यांसाठी लागणारा पैसा गावातूनच उभा करायचा असल्यामुळे गावातील काही प्रतिष्ठितांना कारभारात घेणे सरकारलाही सोयीचे होते. रिपनच्या ठरावातील लोकशिक्षणाचा उदात्त हेतू आणि खजिन्यावरील भार हलका करण्याचा व्यवहारी हेतू हे दोन्ही आरंभापासून बरोबर चालले, आणि त्यांतील दुसरा बहुधा अधिक जोरकस होता असे म्हणावे लागते.

आरंभीच्या काळात अध्यक्षपद सरकारी अधिकाऱ्याकडे असे. सभासदांपैकी काही निवडलेले आणि काही नेमलेले असत, मतदानाचा हक्क कर भरणाऱ्या थोड्या लोकांपुरता मर्यादित होता आणि सभेपुढे येणारे विषय बहुतांशी अध्यक्षाच्या कचेरीतच ठरत. गोविंद पुनाजी बारी हे या नगरपालिकेचे पहिले भारतीय अध्यक्ष. अध्यक्षपद अधिकाऱ्याकडून नागरिकाकडे जाणे हा केवळ मानाचा प्रश्न नव्हता. अधिकारी अध्यक्ष असताना सभेचा निर्णय आणि त्याची अंमलबजावणी एकाच हातात होती. नागरिक अध्यक्ष झाल्यावर निर्णय एकाने घ्यायचा आणि अंमल दुसऱ्याने करायचा अशी विभागणी सुरू झाली, आणि ती नेमकी कोठे असावी हा वाद पुढेही वेगवेगळ्या रूपांत चालू राहिला.

मध्यप्रांताचा १९२२ चा नगरपालिका कायदा वऱ्हाडालाही लागू झाल्यावर संस्थेला बऱ्याच अंशी आधुनिक रूप आले. या कायद्याच्या परिभाषेत संस्थेचे नाव ‘म्युनिसिपल कमिटी’ असे होते. निवडून आलेल्यांचे प्रमाण वाढले आणि कर बसवण्याचे व उपविधी करण्याचे अधिकार अधिक स्पष्ट झाले. उपविधी म्हणजे मूळ कायद्याच्या चौकटीत राहून संस्थेने आपल्या हद्दीपुरते केलेले नियम. ते सरकारच्या मंजुरीनंतरच अमलात येतात. याच सुमारास, १९२० च्या मध्यप्रांत प्राथमिक शिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली होती. विदर्भातील नगरपालिका शाळा चालवणाऱ्या संस्था म्हणूनही ओळखल्या जातात, त्याची मुळे या काळात आहेत.

विदर्भातील नगरपालिकांचा विचार करताना नझूल हा शब्द टाळता येत नाही. शहरातील जी जमीन शेतीकडे नाही आणि खासगी मालकीचीही नाही, तिची मालकी सरकारकडे असून ती भाडेपट्ट्याने घरांसाठी वा दुकानांसाठी दिली जाते, तिला नझूल म्हणतात. परिणाम असा की शहराच्या मध्यवस्तीतील मोक्याच्या जागांचा पट्टा महसूल खात्याकडे, त्या जागांवरील इमारतींचा कर नगरपालिकेकडे आणि समोरचा रस्ता कधी नगरपालिकेचा तर कधी सार्वजनिक बांधकाम खात्याचा, असा तिढा येथे कायमचा बसला. बाजारपेठेतील अतिक्रमणाच्या विषयावर सभा वारंवार का अडते, याचे अर्धे उत्तर या जमिनीच्या कागदांतच सापडते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र अस्तित्वात आला, तरी यवतमाळची नगरपालिका जुन्या मध्यप्रांताच्याच कायद्याने चालत होती. एकाच राज्यात पश्चिम महाराष्ट्रासाठी १९०१ व १९२५ चे मुंबईचे कायदे, विदर्भासाठी १९२२ चा आणि मराठवाड्यासाठी हैदराबादचा अशी स्थिती काही वर्षे राहिली. ती संपवणारा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ साली संमत झाला आणि जून १९६७ पासून अमलात आला. तो संमत झाला तेव्हा मुख्यमंत्रिपदी वसंतराव नाईक होते. पुसद तालुक्यातील गहुलीचे नाईक वकिलीसाठी पुसदला आले आणि १९४६ मध्ये पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. पुढे १९६० मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदांची रचना सुचवली. नगरपालिकेच्या सभेत बसून विषयपत्रिका हाताळलेला मनुष्य राज्याच्या मंत्रिमंडळात असताना शहरी आणि ग्रामीण या दोन्ही स्थानिक संस्थांचे कायदे घडले, ही यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे. मात्र दोन्ही कायद्यांचा स्वभाव एक नाही. जिल्हा परिषदेला विकासाचे माध्यम म्हणून काही प्रमाणात मोकळीक मिळाली. नगरपरिषदेवर जिल्हाधिकाऱ्याची नजर पूर्वीसारखीच राहिली.

नव्या कायद्याने नगरपरिषदांचे लोकसंख्येनुसार अ, ब आणि क असे वर्ग पाडले. एक लाखाहून अधिक वस्तीची नगरपरिषद अ वर्गात येते आणि यवतमाळचा समावेश आज त्या वर्गात आहे. कर्तव्यांचीही दोन प्रकारांत विभागणी झाली. दिवाबत्ती, सफाई, अग्निशमन, पाणीपुरवठा, जन्ममृत्यूची नोंद, प्राथमिक शिक्षण ही आवश्यक कर्तव्ये, म्हणजे पैसा असो वा नसो ती टाळता येत नाहीत. उद्याने, वाचनालये, नाट्यगृहे यांसारखी कामे ऐच्छिक, म्हणजे ऐपतीप्रमाणे करावयाची. या विभागणीमागील विचार योग्य असला तरी व्यवहारात असे दिसते की आवश्यक कर्तव्ये मतदाराच्या नजरेत तेव्हाच भरतात जेव्हा ती होत नाहीत, आणि ऐच्छिक कामांवर मात्र कोनशिला बसवता येते.

नगरपरिषद ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे. तिला मालमत्ता धारण करता येते, करार करता येतो, तिच्यावर दावा लावता येतो. परंतु ही व्यक्ती बोलते ती केवळ सभेतून. नगराध्यक्षाचे भाषण, एखाद्या सदस्याचे आश्वासन किंवा वर्तमानपत्रातील निवेदन यांना संस्थेचा निर्णय मानता येत नाही. ठरावाच्या वहीत क्रमांकासह नोंदलेला ठराव एवढाच तिचा शब्द. म्हणून कारभाराचा इतिहास पाहायचा तर सभा कशी चालते हे बारकाईने पाहणे भाग आहे. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे. तिची सूचना सात पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी सदस्यांच्या हाती पडावी लागते. एकूण सदस्यांपैकी एकचतुर्थांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर अध्यक्षाला विशेष सभा बोलावणे टाळता येत नाही. सूचनेबरोबर विषयपत्रिका जाते, आणि तिच्यातील प्रत्येक विषयामागे संबंधित विभागाची टिपणी असते. टिपणी म्हणजे विषयाची पार्श्वभूमी, नियमाचा आधार, लागणारा खर्च आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून भागवायचा यांची मांडणी. टिपणी चांगली असेल तर चर्चा मुद्द्यावर राहते. ती दोन ओळींची असेल तर सभेचा वेळ माहिती विचारण्यातच जातो.

सभा सुरू होते ती मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याने, म्हणजे मागील वेळी जे ठरले ते नोंदवहीत तसेच उतरले आहे याला मान्यता देण्याने. बाहेरच्याला हा केवळ उपचार वाटतो. प्रत्यक्षात अनेक वादांचे मूळ येथेच असते, कारण कोणी काय म्हटले यापेक्षा काय लिहिले गेले हेच पुढे न्यायालयात आणि लेखापरीक्षणात उभे राहते. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात. सूचक ठराव मांडतो, अनुमोदक त्याला पाठिंबा देतो, आणि अनुमोदक मिळाला नाही तर विषय पुढे सरकत नाही. ठराव एकमताने झाला की बहुमताने, हे नोंदले जाते, आणि मते समसमान पडल्यास पीठासीन व्यक्तीला निर्णायक मत असते. विषयपत्रिका संपल्यावर ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ येतात. साथ, पूर, एखादी अकल्पित निकड यांसाठी ही सोय आहे, तथापि महाराष्ट्रातील बहुतेक नगरपरिषदांत तिचा उपयोग टिपणी नसलेले विषय पटकन उरकण्यासाठी होत आला, आणि सभांमधील गोंधळाच्या बातम्या ज्यांवरून छापून येतात ते विषय बहुधा या शेवटच्या अर्ध्या तासातले असतात. सभेला प्रेक्षक म्हणून नागरिकाला बसता येते. हा हक्क फारच थोडे लोक वापरतात.

सर्व विषय मोठ्या सभेपुढे आणणे शक्य नसल्यामुळे स्थायी समिती आणि विषय समित्या असतात. स्थायी समितीचे अध्यक्षपद नगराध्यक्षाकडे असते आणि निविदा, खर्चाची मंजुरी यांचे बरेच निर्णय तेथे होतात. बांधकाम, शिक्षण, आरोग्य व स्वच्छता, पाणीपुरवठा व जलनिःसारण, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण या विषय समित्यांच्या प्रमुखांना सभापती म्हणतात. समित्यांची मुदत वर्षाची असते आणि त्यांतील जागा पक्षांच्या व गटांच्या संख्याबळाप्रमाणे वाटल्या जातात. दरवर्षी सभापती बदलल्यामुळे अनेकांना संधी मिळते, परंतु एखाद्याला आपल्या विभागाची कागदपत्रे समजू लागेपर्यंत वर्ष संपत आलेले असते. शहराच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचा आहे असे म्हणणे कठीण आहे.

सभेने ठराव केला म्हणजे काम झाले असे नव्हे. अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याकडे असते. तो राज्यशासनाने नेमलेला अधिकारी असतो, सभेत बोलू शकतो पण मत देऊ शकत नाही, आणि एखादा ठराव कायद्याशी विसंगत आहे असे त्याला वाटले तर तसे नोंदवणे त्याचे कर्तव्य असते. रस्त्याच्या एका साध्या कामाचा प्रवास पाहिला तर सत्तेची ही वाटणी स्पष्ट होते. सभेची प्रशासकीय मान्यता, म्हणजे हे काम करावे असा निर्णय; अभियंत्याची तांत्रिक मंजुरी, म्हणजे अंदाजपत्रक बरोबर आहे असा दाखला; निविदा आणि तिची स्वीकृती; कार्यादेश; प्रत्यक्ष काम; मोजमाप पुस्तिकेत अभियंत्याने केलेली नोंद; लेखा विभागाची तपासणी; आणि शेवटी मुख्याधिकाऱ्याची देयकावरील सही. नगरसेवकाचा हात यांतील पहिल्या पायरीवर आणि फार तर स्वीकृतीपर्यंत पोहोचतो, पण रस्ता उखडला की नागरिक दार ठोठावतो ते त्याचेच. याशिवाय कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी एखाद्या ठरावाची अंमलबजावणी तहकूब करू शकतो. दुसऱ्या बाजूला, निकडीच्या प्रसंगी सभेची वाट न पाहता काम करवून घेण्याचा अधिकार कलम ५८ ने अध्यक्षाला दिला आहे, मात्र त्याचा अहवाल पुढील सभेपुढे ठेवावा लागतो. ‘५८-२ खाली केलेले काम’ हा शब्दप्रयोग नगरपरिषदेच्या आवारात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. त्यात कधी अध्यक्षाच्या तत्परतेचे कौतुक असते तर कधी उघड संशय.

पैशाच्या बाजूकडे पाहिले तर संस्थेच्या आयुष्यातील सर्वांत मोठा बदल १९९९ मध्ये झाला. त्या वर्षी राज्यातील नगरपरिषदांची जकात बंद झाली. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावरच वसूल होणारा हा कर व्यापाऱ्यांना जाचक आणि गैरव्यवहाराला सोयीचा होता यात शंका नाही, पण तो रोजच्या रोज हाती येणारा, शहराच्या व्यापाराबरोबर वाढणारा आणि संस्थेचा स्वतःचा पैसा होता. त्याच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. पगाराचा प्रश्न सुटला, पण कापसाचा हंगाम चांगला गेल्यास तिजोरी भरते हा शहर आणि संस्था यांच्यातील थेट संबंध तुटला. उरला तो मुख्यतः मालमत्ता कर. त्यासाठी चार वर्षांतून एकदा सर्व इमारतींची फेरआकारणी करायची असते, तिला चतुर्थ वार्षिक करआकारणी म्हणतात. यादी प्रसिद्ध होते, नागरिक हरकती घेतात, सुनावणी होते आणि मग कर कायम होतो. निवडून आलेल्या कोणत्याही सभागृहाला हा विषय नकोसा वाटतो, आणि आकारणी जितकी लांबते तितके संस्थेचे अनुदानावरील अवलंबित्व वाढते.

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १ जून १९९३ पासून नगरपालिकांना घटनात्मक दर्जा मिळाला, पाच वर्षांची मुदत निश्चित झाली, निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे गेल्या आणि महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवण्यात आल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आले. बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नोंदले गेले. सभागृहाचा चेहरा यामुळे खरोखरच बदलला. नगराध्यक्ष कसा निवडायचा याविषयी मात्र राज्यकर्त्यांचे मत स्थिर राहिले नाही : २००१ मध्ये थेट जनतेतून, २००६ मध्ये पुन्हा सदस्यांतून, २०१६ मध्ये थेट, २०२० मध्ये सदस्यांतून आणि २०२२ मध्ये परत थेट. थेट निवडीने अध्यक्षाला स्थैर्य मिळते आणि सदस्यांच्या पळवापळवीला आळा बसतो, पण अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे असा पेचही तीच निर्माण करते. २०१६ च्या निवडणुकीत यवतमाळला तो अनुभव आला. शिवसेनेच्या कांचन चौधरी थेट नगराध्यक्षपदी निवडून आल्या आणि सभागृहात बहुमत भारतीय जनता पक्षाचे होते. अशा स्थितीत सभा बोलावण्याचा अधिकार एकाकडे आणि ठराव मंजूर करण्याचे बळ दुसऱ्याकडे राहते, आणि कायद्याने दोघांना एकत्र आणण्याची कोणतीही सोय केलेली नाही.

ही निवडणूक आणखी एका कारणाने महत्त्वाची होती. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ नगरपरिषदेची लोकसंख्या १,१६,५५१ होती आणि ती २००१ पेक्षा थोडी कमीच होती. जिल्ह्याचे मुख्य शहर दहा वर्षांत आकसले असा याचा अर्थ नव्हता. शहर हद्दीबाहेर वाढत होते. वडगाव, उमरसरा, लोहारा, वाघापूर, भोसा, पिंपळगाव, मोहा या ग्रामपंचायतींच्या जमिनींवर वसाहती उभ्या राहत होत्या, तेथील लोक नोकरीला, शाळेला, बाजाराला शहरात येत होते आणि कर ग्रामपंचायतीला भरत होते. २०१६ च्या हद्दवाढीने हा परिसर नगरपरिषदेत आला. त्याबरोबर अरुंद रस्ते, उघडी गटारे आणि मंजुरीशिवाय पडलेले भूखंडही आले, आणि ज्या करदात्यांनी ग्रामपंचायतीचा हलका कर भरला होता त्यांना शहरी कर लागू करण्याचा अप्रिय विषय सभेपुढे आला. हद्दवाढ वीस वर्षे आधी झाली असती तर विकास आराखड्यातील रस्ते कागदावरून जमिनीवर येणे सोपे गेले असते.

पाण्याची कथा याहून विचित्र आहे. पाणीपुरवठा हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य, विषय समित्यांत पाणीपुरवठा समिती, आणि प्रत्यक्ष शहराला पाणी देणारी संस्था मात्र महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर शहर अवलंबून होते. २०१८ च्या उन्हाळ्यात ती आटली तेव्हा लोकांनी जाब विचारला तो नगरसेवकांना, आणि नगरसेवकांना ठराव करून प्राधिकरणाला पत्र पाठवण्यापलीकडे फारसे काही करता येत नव्हते. टँकर फिरवणे, विंधनविहिरी दुरुस्त करणे, वाटपावर लक्ष ठेवणे ही कामे संस्थेने केली. बेंबळा प्रकल्पातून जलवाहिनीने पाणी आणण्याची योजना केंद्राच्या अमृत अभियानातून आली आणि तिची अंमलबजावणीही प्राधिकरणाकडेच राहिली. बाराव्या अनुसूचीतील विषय आणि नगरपरिषदेच्या हाती असलेली साधने यांतील अंतर यवतमाळात पाण्याइतके दुसऱ्या कशातही उघड झाले नाही.

२०२१ च्या अखेरीस व २०२२ च्या आरंभी राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांची मुदत संपली आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात असल्यामुळे निवडणुका लांबल्या. यवतमाळातही प्रशासक आला. प्रशासकाच्या काळात नगरपरिषदेची पद्धत बंद पडत नाही, ही या व्यवस्थेची लक्षणीय बाब आहे. कायदा परिषद, समित्या आणि अध्यक्ष यांचे सर्व अधिकार प्रशासकाला देतो; टिपणी तयार होते, विषयाला क्रमांक पडतो, ठराव नोंदवहीत लिहिला जातो. फरक एवढाच की सूचक, अनुमोदक आणि अध्यक्ष एकच व्यक्ती असते, आणि टिपणीवर प्रश्न विचारणारे कोणी नसते. काही कामे या काळात झपाट्याने झाली हे नाकारता येत नाही. परंतु गल्लीतील दिवा बंद असल्याची तक्रार सभागृहापर्यंत नेणारा प्रतिनिधीच नसल्यामुळे अर्ज आवक-जावक विभागात साचत गेले, आणि अंदाजपत्रकासारखा वर्षाचा सर्वांत महत्त्वाचा विषय एका टेबलावर मंजूर होऊ लागला.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्थानिक संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांसाठी मतदान झाले. नव्या सभागृहापुढे कायद्याने ठरवून दिलेला क्रम आहे : सदस्यांतून उपाध्यक्षाची निवड, मताधिकार नसलेल्या स्वीकृत सदस्यांची नेमणूक, पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे समित्यांचे गठन, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत पहिली सर्वसाधारण सभा, जिच्यापुढे प्रशासकाच्या काळातील खर्चाचे लेखे, रखडलेली करआकारणी आणि हद्दवाढीतील वसाहतींचे रस्ते हे विषय टिपणीसह येणे अपेक्षित आहे.